कंपाउंडवरची झाडे आणि त्यांची छाटणी: कोल्हापुरातील एका सेवेचे परीक्षण

कोल्हापुरात झाडे छाटून देणारे पुष्कळ आहेत. वळिवाचा पहिला पाऊस पडून एखादी फांदी तारेवर किंवा पत्र्यावर आली की त्यांचे फोन दिवसभर वाजू लागतात, आणि बहुतेकांचे काम कोयता, कटर, दोर आणि ट्रॉली एवढ्या सामानावर भागते. ज्या झाडाचा बुंधा एकाच्या परड्यात, फांद्या दुसऱ्याच्या गच्चीवर आणि मुळे दोघांच्याही ड्रेनेजच्या वाटेवर असतात, त्याचे काम मात्र एवढ्या सामानात होत नाही, कारण तेथे झाडाच्या आधी दोन घरांमधला अबोला आडवा येतो. अशा हद्दीवरच्या झाडांचे काम आमच्या आणि शेजाऱ्यांच्या अशा दोन्ही घरांसाठी मिळून ज्या एका लहान खासगी सेवेने केले, तिचे हे परीक्षण आहे. त्यांच्या कामात वाखाणण्यासारखे बरेच असले तरी काही ठळक उणिवाही आढळल्यामुळे नाव दिलेले नाही. झाड छाटणाऱ्याची पारख त्याच्या कटरवरून करण्यापेक्षा कटर सुरू करण्याआधी तो काय विचारतो त्यावरून करावी, असे माझे मत या कामानंतर पक्के झाले आहे आणि पुढचे सर्व लेखन त्याच अंगाने केलेले आहे.

आमची वसाहत शहराच्या दक्षिणेला, कळंब्याच्या वाटेवर आहे. प्लॉट दोन-अडीच गुंठ्यांचे, मधले कंपाउंड पूर्वीच्या मालकांनी आपसांतल्या समजुतीने बांधलेले, आणि घराच्या बाजूला सोडलेले सामासिक अंतर इतके थोडे की एका घरातली फोडणी दुसऱ्या घराला ठसका आणते. आमच्या परड्यातल्या आंब्याची एक जाड फांदी शेजारच्या आप्पांच्या गच्चीवर गेली होती. तिचा पाला त्यांच्या पन्हळीत अडकून पावसाळ्यात पाणी तुंबत असे आणि तांबड्या मुंग्या काकूंच्या वाळवणावर उतरत असत. त्यांनी कंपाउंडला खेटून लावलेली खोट्या अशोकाची रांग आमच्या स्वयंपाकघराचा उजेड अडवत होती. त्यांच्या कोपऱ्यात पिवळ्या बांबूचे बेट होते आणि ते दरवर्षी थोडे थोडे पसरत होते. या सगळ्यावर कडी म्हणजे कंपाउंडच्या भिंतीतच एक उंबर उगवलेला होता. तो कोणी लावलेला नव्हता; पाखरांनी टाकलेल्या बीतून भिंतीच्या फटीत रुजलेली ही झाडे कोल्हापुरातल्या प्रत्येक जुन्या वाड्याने आणि पुलाने पाहिलेली आहेत. भिंत फुगली होती आणि ती कोणी दुरुस्त करायची, हा प्रश्न गेल्या काही पावसाळ्यांपासून तसाच लोंबकळत होता.

या सेवेला बोलावण्याआधी आम्ही दोघांना दाखवून पाहिले होते, आणि तुलनेसाठी त्यांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पहिल्याने वर न पाहता बुंध्याला हात लावून किती ट्रॉली लाकूड निघेल याचा अंदाज बांधला आणि लाकूड त्याला दिले तर मजुरी नको, असे सांगितले. हा व्यवहार ऐकायला फुकटचा वाटतो, पण ज्याची मजुरी लाकडातून सुटते त्याला पानाफांद्यांत रस नसतो, जाड खोडात असतो, आणि त्यामुळे गरज नसलेली फांदीही त्याला धोकादायक दिसू लागते. दुसऱ्याने आंबा आणि अशोक सगळेच वरून एका उंचीला सपाट करून देतो, म्हणजे दोन्ही घरांची कटकट मिटेल, असा तोडगा सुचवला. त्या दोघांपैकी एकानेही झाड कोणाचे, हा प्रश्न विचारला नाही.

या सेवेच्या मुकादमाने तो प्रश्न सर्वांत आधी विचारला. पाहणीला येण्यापूर्वी फोनवरच त्याने दोन्ही घरांचे प्रॉपर्टी कार्ड काढून ठेवायला सांगितले आणि शेजारी घरी असतील तीच वेळ घ्या, ते नसतील तर मी येणार नाही, असे स्पष्ट केले. आम्हाला हे जरा जास्तच वाटले होते. प्रत्यक्षात तो आला, आमच्या दारात बसण्याऐवजी आधी आप्पांच्या गच्चीवर गेला, पन्हळीतला पाला हाताने काढून पाहिला, काकूंचे सगळे गाऱ्हाणे ऐकून घेतले आणि मगच आमच्या बाजूला आला. ज्याने पैसे देण्याचे कबूल केले आहे त्याच्या विरुद्ध बाजूने पाहणी सुरू करण्याची ही पद्धत मला या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटली, कारण तोवर आमच्या तोंडून सांगितलेली कोणतीही गोष्ट आप्पांना मान्य होत नव्हती, तीच मुकादमाने त्यांच्या गच्चीवरून दाखवल्यावर त्यांनी अर्ध्या तासात मान्य केली.

प्रॉपर्टी कार्ड आणि जुन्या मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा, समोर ठेवल्यावर मात्र एक अवघड गोष्ट पुढे आली. मधले कंपाउंड नकाशातल्या रेषेवर नसून वीतभर आमच्या बाजूला बांधलेले असावे, असे टेप लावल्यावर दिसू लागले. तसे असेल तर आप्पांनी भिंतीला खेटून लावलेले अशोक कोणाच्या जमिनीत उभे आहेत, हा प्रश्न निघतो, आणि तो निघाला असता तर छाटणी बाजूला राहून दोन्ही घरे वकील शोधू लागली असती. येथे मुकादमाने टेप गुंडाळला. आम्ही झाडवाले आहोत, मोजणीवाले नव्हे; हद्द हवी असेल तर भूमी अभिलेख खात्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, पण भिंत कुठेही असली तरी या फांद्या कापाव्याच लागणार आहेत, असे त्याने सांगितले. त्याचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर होते, कारण खासगी माणसाने लावलेल्या टेपवर हद्द ठरत नाही. ज्याला टेप हातात आल्यावर निकाल देण्याचा मोह आवरतो, असा कारागीर विरळा.

त्यानंतर त्याने एका कागदावर कामाचा तपशील लिहिला. कोणत्या झाडाची कोणती फांदी, कोठपर्यंत आणि कोणत्या कारणासाठी कापायची, निघालेले लाकूड कोणाकडे जायचे, पाला कोणी उचलायचा आणि खर्चात कोणाचा किती वाटा, हे सगळे त्यात होते. शेवटी, या छाटणीमुळे हद्दीबाबत कोणत्याही बाजूचा हक्क मान्य किंवा अमान्य झाला असे समजू नये, हे एक वाक्य होते आणि त्याखाली दोघांच्याही सह्या घेतल्या गेल्या. हे वाक्य त्याला कोणी शिकवले हे मी विचारले नाही, पण माझ्या ओळखीच्या एका वकिलांनी तो कागद पाहून त्यात एका शब्दाचीही दुरुस्ती केली नाही. ज्या फांद्या कापायच्या होत्या त्यांच्यावर चुन्याने खूण केली आणि त्या खुणांचे फोटो दोन्ही घरांना पाठवले. अशोकाच्या रांगेत एका झाडावर बुलबुलाचे घरटे होते. पिल्ले उडून जाईपर्यंत त्या झाडाला हात लावायचा नाही, हेही त्यात नोंदवलेले होते.

परवानगीचा भाग थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण याच ठिकाणी बहुतेक भांडणे चुकीच्या समजुतीवर उभी राहतात. माझ्या हद्दीत आलेली फांदी मी कधीही कापीन, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. इंग्लंडमध्ये १८९४ साली, तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तसा निर्णय दिलेला आहे: शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल न टाकता आपल्या बाजूला आलेली फांदी कापता येते आणि त्यासाठी आधी सूचना द्यावीच लागते असे नाही. पुढे १९१९ साली तिथल्याच आणखी एका निकालात असेही ठरले की अशा फांदीवरची सफरचंदे मात्र झाडाच्या मालकाचीच राहतात. आपल्याकडचे वकील अजूनही हे निकाल तोंडावर फेकतात. पण शहरी भागात त्यावर महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा १९७५ सालचा अधिनियम येऊन बसतो, आणि त्यात झाड तोडणे याचा अर्थ केवळ बुंध्यातून आडवे करणे एवढाच नसून जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे असा व्यापक केलेला आहे. म्हणजे फांदी तुमच्या गच्चीवर असली, तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिच्यावर कटर चालवणे हा शेजाऱ्याशी भांडण्यापेक्षा वेगळा आणि अधिक महागात पडणारा विषय होतो. आधी भेटलेल्या दोघांनी परवानगीचे नावही काढले नव्हते. या सेवेने परवानगीची प्रत हातात पडेपर्यंत तारीखच दिली नाही.

उजेडाबाबतही वकिलांकडून एक गोष्ट कळली. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याप्रमाणे इमारतीला मिळणाऱ्या उजेडाचा हक्क सांगायचा तर तो उजेड वीस वर्षे अखंड आणि विनातक्रार उपभोगलेला असावा लागतो. आमच्या घराला अजून तेवढी वर्षे झालेली नसल्यामुळे स्वयंपाकघराचा अंधार हा आमचा त्रास होता, हक्क नव्हता. तो समजुतीनेच सुटणार होता. धोकादायक झाडाची गोष्ट वेगळी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर किंवा शेजाऱ्यांवर पडेल अशा अवस्थेतल्या झाडाविरुद्ध कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली मागत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली मागतात. आमचा आंबा तसा नव्हता. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले आहे, याचा आम्हा कोल्हापूरकरांना सार्थ अभिमान आहे. पण म्हणून प्रत्येक फांदी तिथपर्यंत नेलीच पाहिजे असे नाही.

उंबराचा प्रश्न या सगळ्यांपेक्षा नाजूक होता. आप्पा दत्ताचे भक्त आहेत, दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जातात, आणि भिंत पडली तरी चालेल पण औदुंबराला कोयता लागता कामा नये, ही त्यांची भूमिका होती. मुकादमाने त्यांच्याशी झाडाच्या शास्त्रावर वाद घातला नाही. उंबर अजून मनगटाएवढाच आहे आणि भिंतीतले वरचे दगड उतरवले तर मुळांसकट निघेल, असे त्याने सांगितले आणि परवानगीच्या अर्जात तो तोडण्याऐवजी दुसरीकडे लावण्याचे नमूद केले. भिंतीचे दगड उतरवायला एक गवंडी आणला गेला. मुळे दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांत इतकी चपटी होऊन पसरली होती की ती सोडवायला सकाळचा बराच वेळ गेला आणि काही तुटलीही. फांद्या आखूड करून, मुळांना ओले गोणपाट गुंडाळून तो उंबर आप्पांच्या परिचयाच्या एका देवळाच्या मोकळ्या आवारात, इमारतीपासून आणि पाइपांपासून लांब लावला, आणि त्याला पुन्हा पालवी आली आहे. उंबर घराजवळ लावू नये असे मुकादम तेथेही सांगत होता, कारण वड, पिंपळ आणि उंबर या कुळातली मुळे पाण्याच्या शोधात कोणत्याही फटीत शिरतात. भिंत नव्याने बांधण्याचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा केला. केवळ या एका कामासाठीही मी या सेवेला चांगले गुण देईन.

आंब्याच्या छाटणीत त्यांचे हात किती तयार आहेत ते दिसले. काढणी संपल्यानंतर आणि मोठा पाऊस लागण्याआधी, अशी वेळ त्यांनीच निवडली होती. जाड फांदी एका घावात न कापता आधी खालच्या बाजूने अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून काप, आणि फांदीचे वजन उतरल्यावर उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या अगदी बाहेरून काढणे, या तीन टप्प्यांत त्यांनी काम केले. असे केल्याने साल खोडापर्यंत सोलवटत जात नाही. फुगीर कडे शाबूत ठेवण्याचे कारण असे की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड ती जागा आतून बंद करून टाकते आणि भोवतीने नवे लाकूड वाढवते. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हे आयुष्यभर असंख्य खोडे उभी चिरून दाखवले आणि खोडाला लागून सपाट काप घेण्याची जुनी पद्धत चुकीची ठरवली. आमच्या मुकादमाला शायगो माहीत असण्याचे कारण नव्हते, पण काप नेमका तेथेच होता. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावली. शायगो यांच्या मते अशा लेपाची गरज नसते, परंतु आपल्याकडच्या पावसात बुरशीचा विचार करून बागायतदार ती लावतातच.

फांद्या दोराने बांधून एकेक करून खाली सोडल्या, एकही थेट टाकली नाही. वरच्या माणसाच्या कमरेला पट्टा होता आणि आंब्याच्या चिकाने अंग उठते हे ठाऊक असल्यामुळे सगळ्यांनी पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले होते. एका वेळी झाडाचा चौथा हिस्सा, फार तर तेवढाच, काढायचा हा नियम त्यांनी पाळला आणि आप्पांनी आणखी एक फांदी घ्यायचा आग्रह धरला तेव्हा तो नाकारला. आंबा शेंड्यावर मोहरतो, त्यामुळे छाटलेल्या बाजूला पुढच्या हंगामात कोवळी पालवीच जास्त येईल आणि फळ कमी मिळेल, याची कल्पना त्यांनी आधीच दिली होती. उरलेल्या फळांची वाटणी कशी करायची, हे मात्र आमच्यावर सोडले. आमच्याकडे आता गच्चीच्या बाजूचे आंबे आप्पांच्या घरी जातात. १९१९ च्या निकालाशी हे विसंगत असले तरी काकूंच्या लोणच्याची एक बरणी उलट वाटेने येते, तेव्हा तक्रार नाही.

अशोकांच्या बाबतीत मी एवढा समाधानी नाही. ही झाडे खऱ्या सीता-अशोकाची नव्हेत. सरळ वाढणारा, रस्त्याकडेला आणि बंगल्यांभोवती लावला जाणारा हा खोटा अशोक कंपाउंडपासून वीतभर अंतरावर, एकमेकांना चिकटून लावलेला होता. एकाआड एक झाड काढून टाकावे, म्हणजे उरलेल्यांना जागा मिळेल, भिंतीवरचा दाब कमी होईल आणि उजेडही येईल, असे मुकादमाचे पहिले मत होते. आप्पांना आडोसा हवा होता, आणि त्यांनी झाडे न काढता फक्त उंची कमी करण्याचा आग्रह धरल्यावर सेवेने तो मान्य करून सगळी रांग पहिल्या मजल्याच्या उंचीला आणली. आधी भेटलेल्या दोघांपैकी दुसऱ्याने सुचवलेला सपाटीकरणाचा उपायच येथे थोड्या सभ्य रूपात आला. शेंडा मारलेला अशोक गप्प बसत नाही. त्याला कापाच्या खालून अनेक फुटवे येतात, ते मूळ शेंड्याइतके घट्ट जोडलेले नसतात आणि काही वर्षांतच रांग पूर्वीपेक्षा दाट होते. उजेड आज आला आहे, तो टिकणारा नाही. ज्या माणसाने आंब्याच्या बाबतीत ठामपणे नाही म्हटले, त्याने येथेही म्हणायला हवे होते, असे माझे मत आहे आणि ते मी त्याला सांगितलेही.

मुळांच्या बाबतीत त्यांचे निदान उत्तम होते, पण उपाय त्यांच्याकडे नव्हता. आमच्या आंब्याच्या मुळांनी ड्रेनेज फोडले, अशी आप्पांची जुनी तक्रार होती. मुकादमाने चेंबरचे झाकण उचलायला लावले आणि जुन्या चिनी मातीच्या पाइपाच्या सांध्यातून केसांसारखी मुळे आत लोंबत असल्याचे दोघांनाही दाखवले. मूळ सहसा धडधाकट पाइप फोडत नाही. सांधा आधी गळतो, तिथल्या ओलाव्याकडे मूळ वळते, आत शिरते आणि मग जाड होऊन सांधा आणखी उघडते. त्यामुळे झाड कापूनही हा पाइप गळतच राहील, तो बदलावाच लागेल, हे त्याने सांगितले. आप्पांच्या बाजूने चर खणून मुळे तोडून टाकावीत ही सूचनाही त्याने फेटाळली, आणि त्यामागचे कारण प्रत्येक कोल्हापूरकराने लक्षात ठेवण्यासारखे आहे: जूनपासून आपल्याकडे पश्चिमेचा जोरदार वारा आणि भिजून सैल झालेली जमीन एकाच वेळी असते, आणि वाऱ्याच्या बाजूची मुळे तोडलेले झाड अशा दिवसांत विरुद्ध बाजूच्या घरावर जाऊ शकते. एवढे सांगून झाल्यावर मात्र पाइपाचे काम आमचे नाही, बांबूचेही नाही, असे तो म्हणाला. पाइप प्लंबरकडून करून घेणे ठीक आहे, पण बांबूचे बेट हा सरळसरळ झाडांचाच विषय असूनही तो त्यांनी घेतला नाही, आणि घेणारा दुसरा कोणी सुचवलाही नाही.

उणिवा याशिवायही आहेत. परवानगीचा पाठपुरावा आम्ही करू, असे सुरुवातीला सांगितले गेले होते. अर्ज त्यांनी नीट भरून दिला, झाडांचे फोटो आणि मिळकतीचे कागद जोडले, पण त्यानंतरच्या फेऱ्या आमच्याच वाट्याला आल्या. दुपारच्या जेवणानंतर कामाचा वेग आणि काळजी दोन्ही कमी झाल्याचे जाणवले. अशोकाचा एक शेंडा आप्पांच्या गच्चीवरच्या टाकीच्या पाइपावर घसरला आणि पाइप तुटला. प्लंबरचे पैसे त्यांनी दिले, परंतु दोनदा आठवण केल्यावर. जाड लाकूड ठरल्याप्रमाणे आमच्याकडे रचून ठेवले आणि ट्रॉलीभर पाला उचलला, तरी दोन घरांमधल्या बोळात भुसा आणि काटक्या तशाच राहिल्या, आणि त्या कोणी झाडायच्या यावरून दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडी कुरबुर झाली. सगळ्यांत गंभीर गोष्ट म्हणजे वर चढणाऱ्या माणसांचा विमा आहे का, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही. पट्टा होता, हेल्मेट मात्र एकाच्याच डोक्यावर होते. झाडावरून माणूस पडला तर ती जबाबदारी कोणाकोणाकडे वळेल याचा विचार काम देणाऱ्याने आधी करावा; मी पुढच्या वेळी विम्याचा कागद पाहिल्याशिवाय शिडी लावू देणार नाही.

दराबाबत थोडक्यात सांगतो. ही सेवा बाजारातल्या इतरांपेक्षा महाग आहे, आणि लाकडाच्या बदल्यात फुकट कापून देणाऱ्याशी तुलना केली तर ती फारच महाग वाटेल. दर झाडावर नसून प्रत्येक कामावर होता: आंबा, अशोकाची रांग, उंबर हलवणे आणि ट्रॉली अशा वेगवेगळ्या ओळी लिहिलेल्या असल्यामुळे दोन घरांत खर्च वाटणे सोपे गेले. पाहणीचे पैसे वेगळे घेतले आणि काम दिल्यावर ते एकूण रकमेतून वजा केले. पक्के बिल मागितल्यावरच मिळाले, ही गोष्ट त्यांनी सुधारावी. हद्दीचा वाद नसलेल्या, आपल्याच परड्याच्या मध्यावर उभ्या असलेल्या झाडासाठी एवढे पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही. तेथे माहितगार माणूस आणि परवानगी पुरेशी आहे. शेजाऱ्याशी बोलणे बंद झालेले असेल, तर मात्र पाहणीच्या त्या एका भेटीचेच पैसे वसूल होतात. शहरातल्या वसाहतींना खेड्यांसारखी तंटामुक्त समिती नसते, आणि २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमात शेजारपाजारच्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद असली तरी फांदीच्या भांडणासाठी तिच्याकडे वळलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. ते काम आमच्याकडे एका मुकादमाने चुन्याच्या डब्यासह केले.

अशोकाच्या रांगेबद्दल आता दोन्ही घरांनी मिळून त्यांच्याकडून नवे अंदाजपत्रक मागवले आहे, कारण फुटवे दिसू लागल्यावर आप्पांनाही एकाआड एक झाड काढण्याची कल्पना पटली. त्यात एक अडचण आहे: झाडांच्या अधिनियमातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात, आणि आमच्या दोन्ही परड्यांत मिळून तेवढी जागा नाही, त्यामुळे ती कोठे लावायची हे अर्जातच ठरवावे लागेल. काढलेल्या झाडांच्या जागी आडोशाला झुडपे लावायची आहेत. आप्पांना कण्हेर हवी आहे, कारण ती शेळ्या खात नाहीत; आमच्या घरी नातवंडे असल्यामुळे सर्वांगात विष असलेले झुडूप आम्हाला नको आहे आणि आम्ही तगर सुचवली आहे. मुकादमाचे मत मेंदीच्या बाजूने आहे, मात्र ती वर्षातून दोन-तीनदा कापणार कोण, हे त्याने आधी लिहून मागितले आहे. झुडूप कोणतेही ठरले तरी ते भिंतीपासून निदान अडीच फूट आत लावावे, म्हणजे दोन्ही बाजूंनी त्याची छाटणी लावणाऱ्याला आपल्याच जमिनीत उभे राहून करता येईल, ही अट अंदाजपत्रकाच्या पहिल्याच ओळीत आहे आणि तिच्यावर आप्पांनी सही केली आहे.